पीटी-एपीटीटीची नॉर्मल रेंज: किटच्या कागदावरची उचलू नका, आपल्या माणसांची काढा

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या, रापणीवर काम करणाऱ्या एका माणसाचा एपीटीटी (पीटीसारखीच, रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहायची चाचणी) आमच्या लॅबमध्ये ३७ सेकंद आला. रिपोर्टवर छापलेली रेंज २६ ते ३४. आकड्यापुढे लाल बाण उमटला, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, आणि तो बिचारा बायकोला घेऊन पुढच्या तपासण्यांसाठी गोव्याला गेला. गाडीभाडं गेलं, दोन दिवसांची मजुरी गेली, घरच्यांचा जीव टांगणीला लागला तो वेगळाच. तिकडे सगळं ठीक निघालं. निघणारच होतं. त्याच्या रक्तात काही बिघडलेलं नव्हतं, आमची रेंज बिघडलेली होती.

ती २६ ते ३४ आली कुठून, हे शोधायला मी जुन्या फायली काढल्या. चार वर्षांपूर्वी आम्ही वेगळं रीजंट (चाचणीत टाकायचं रसायन) वापरायचो, त्याच्या किटमधल्या घडीच्या कागदावर ती छापलेली होती. पुढे रीजंट बदललं, मशीन बदललं, पण सॉफ्टवेअरमधला आकडा कुणी बदललाच नाही. कुणी म्हणजे मीच. लॅब माझी आहे.

मी मालवणात लॅब चालवते. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून सत्तावीस वर्षं झाली. त्या प्रकारानंतर आम्ही आमची स्वतःची रेंज काढली. ती कशी काढली, कुठे माती खाल्ली, हे लिहून ठेवते. कणकवली, कुडाळ, देवगड, दापोली, कुठेही छोटी लॅब असेल तर हे जमण्यासारखं आहे. सही करणारे पॅथॉलॉजिस्ट मात्र पहिल्या दिवसापासून सोबत हवेत, कारण शेवटी रेंज त्यांच्या नावावर जाते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. साखर मोजतो तेव्हा रक्तात साखर किती आहे ते मोजतो, त्यामुळे दोन लॅबचे आकडे सहसा जवळपास येतात. पीटी आणि एपीटीटीमध्ये आपण काहीच ‘किती’ मोजत नाही. रीजंट टाकल्यापासून गुठळी धरेपर्यंत किती सेकंद गेले, एवढंच पाहतो. क्विक यांनी १९३५ मध्ये पीटी मांडली तेव्हापासून तिचं मूळ तेच आहे. मग थ्रोम्बोप्लास्टिन (पीटीचं रीजंट) कुठलं, एपीटीटीच्या रीजंटमध्ये सिलिका आहे की एलॅजिक ॲसिड, मशीन गुठळी प्रकाशाने ओळखतं की क्युव्हेटमधली पोलादी गोळी थांबली यावरून, या प्रत्येक गोष्टीने सेकंद हलतात. तेच प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) दोन रीजंटवर लावलं तर पाच-सहा सेकंदांचा फरक सहज दिसू शकतो. म्हणून कोल्हापूरच्या लॅबची रेंज मालवणात चालत नाही, आणि मालवणची गेल्या वर्षीची रेंज नवं रीजंट आल्यावर मालवणातही चालत नाही.

पण लगेच १२० माणसं गोळा करायला धावू नका. आधी वीस करा.

किटच्या कागदावर तुमच्याच रीजंटची आणि तुमच्याच प्रकारच्या मशीनची रेंज दिलेली असेल, तर ती आपल्याकडे बसते का हे वीस निरोगी माणसांवर तपासता येतं. सीएलएसआय या लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ईपी२८ या मार्गदर्शिकेतला हिशेब सोपा आहे. विसापैकी दोन किंवा कमी माणसं रेंजबाहेर गेली तर रेंज घ्या. तीन किंवा चार गेली तर नवे वीस आणा आणि पुन्हा पाहा. या खेपेलाही दोनपेक्षा जास्त बाहेर नकोत. पाच किंवा अधिक गेली तर ती रेंज तुमची नव्हे. बहुतेक लॅबचं काम इथेच संपतं आणि संपायलाही हवं. आम्ही नव्या रीजंटच्या कागदावरची रेंज वीस जणांवर लावली. पीटी व्यवस्थित बसली. एपीटीटीला पाच जण बाहेर, आणि पाचही वरच्या अंगाला. मग दुसरा इलाज राहिला नाही.

नव्याने रेंज काढायची तर किमान १२० माणसं लागतात. हा आकडा हवेतून आलेला नाही, त्याचं कारण पुढे हिशेबात येईल. एकट्या लॅबला १२० जड जात असतील, तर तेच मशीन, तेच रीजंट आणि त्याचा तोच लॉट (एका खेपेला बनलेला माल) वापरणाऱ्या शेजारच्या दोन-तीन लॅबनी मिळून करावं. आधी एकच कंट्रोल (आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना) सगळ्यांनी लावून आकडे जुळतात का ते बघायचं, इतकंच.

आता माणसं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि रेंज बिघडते तीही इथेच.

सोपा मोह म्हणजे आपल्याच हॉस्पिटलच्या नर्सिंगच्या मुलींना रांगेत बसवायचं. दोन दिवसांत साठ सॅम्पल होतात! पण मग तुमची रेंज वीस-बावीस वर्षांच्या मुलींची होते, आणि ऑपरेशनला येतो पंचावन्न वर्षांचा बाबा. वयाबरोबर फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ ही रक्त गोठवणारी प्रथिनं वाढत जातात, तेव्हा १८ ते ६५ मधल्या प्रत्येक दशकातली माणसं हवीत, बाया आणि बाप्ये साधारण निम्मे-निम्मे. रक्तदान शिबिरातले दाते चांगले, त्यांची तपासणी झालेली असते, पण त्यात पुरुषच फार. आम्ही शाळेतले शिक्षक, बँकेतली माणसं, आशाताई, बाजारातल्या मासेविक्रीवाल्या, जेटीवरचे खलाशी, असं करत करत आकडा भरला. आचरा, मसुरे, देवबाग या बाजूंनाही गेलो.

प्रत्येकाला मराठीत छापलेला संमतीचा कागद वाचून दाखवायचा. नुसती सही घेऊ नका. बाजारातल्या एका मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं, “माका काय एक झाला नाय, मगे रगात कित्याक?” प्रश्न अगदी बरोबर होता. तिला सांगितलं, मावशी, तुला काही झालेलं नाही म्हणूनच तुझं हवं. बऱ्या माणसाचं रक्त किती वेळात गोठतं हे ठाऊक असेल तर आजारी माणसाचं कळेल. तिला ते पटलं, आणि तिनेच मग आणखी सहा जणी आणल्या.

‘निरोगी’ म्हणजे कोण, हे कागदावर आधी ठरवा, सॅम्पल हातात आल्यावर नको. आमची प्रश्नावली एक पानाची होती. दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का? घोळणा वरचेवर फुटतो का, आणि दहा मिनिटांच्या वर चालतो का? मार नसताना अंगावर काळे-निळे डाग उठतात का? पाळीत किंवा बाळंतपणात अति रक्तस्राव झाला होता का? घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार? पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली होती का? यकृताचा आजार, कावीळ, रोजची दारू? दारूचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारलात तर खरं उत्तर कधीच मिळणार नाही. पडद्याआड विचारा.

औषधांचं ‘काही चालू आहे का’ असं विचारून भागत नाही. गोळ्यांची पिशवीच घेऊन या म्हणायचं. रक्त पातळ करायची गोळी असलेला माणूस स्वतःला निरोगीच समजतो, कारण त्याला काही दुखत नसतं. वॉरफरिन, ॲसिट्रोम, रिव्हरॉक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्या, हेपॅरिन, यातलं काही असेल तर तो माणूस बाद. ॲस्पिरिनने पीटी-एपीटीटी हलत नाही, पण ॲस्पिरिन का चालू आहे हे विचारलं की बहुतेकदा हृदयाचं दुखणं निघतं, म्हणून तेही बाद. गरोदर बाई बाद, बाळंतपणाला तीन महिने झाले नसतील तरी बाद. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्याही आम्ही वगळल्या, त्याने फायब्रिनोजेन आणि काही फॅक्टर वाढतात. गेल्या पंधरा दिवसांत ताप, ऑपरेशन, लस असेल तर नंतर या म्हणायचं.

दोन प्रश्न आमच्या इकडचे. साप चावला होता का? हसू नका. फुरसं आणि घोणस, दोघांचंही विष रक्ताची गोठण्याची ताकदच खाऊन टाकतं, आणि या पट्ट्यात फुरसं काही दुर्मीळ नाही. दुसरा प्रश्न माडाच्या बागेत काम करणाऱ्यांसाठी. उंदरांसाठी माडावर ठेवतात त्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या म्हणजे वॉरफरिनच्याच जातीतलं, पण कितीतरी दिवस टिकणारं औषध. ते पोटात गेलं तर पीटी लांबते. हाताळल्याने कुणाचा पीटी बिघडलेला मला दिसला नाही, तरी वही पूर्ण असावी म्हणून विचारायचं.

रक्तगटाची नोंद जरूर करा, पण गटावरून कुणाला गाळू नका. ओ गटाच्या माणसांत व्हॉन विलेब्रांड फॅक्टर (गोठण्यातलंच आणखी एक प्रथिन) इतर गटांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी असतो, फॅक्टर आठही त्याच्या मागोमाग कमी, म्हणून त्यांचा एपीटीटी किंचित लांब. ते आजारी नाहीत. ओ गटवाल्यांना काढून टाकलंत, तर पुढे गावातल्या प्रत्येक ओ गटवाल्याच्या रिपोर्टवर लाल बाण पडायची सोय करून ठेवलीत असं समजा.

आणि महिना नीट निवडा. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, खलाशी घरीच असतात, तेव्हा करून टाकू असं मला आधी वाटलं होतं. पण पावसाळ्यात आणि भातकापणीपर्यंत लेप्टोचे ताप चालू असतात, आज धडधाकट दिसणारा माणूस चार दिवसांनी तापाने आडवा होतो. आम्ही डिसेंबर-जानेवारी घेतला. त्यातही घोळ झालाच. जत्रांचे दिवस! रात्रभर दशावतार बघून सकाळी सातला तारवटलेल्या डोळ्यांनी आलेले चौघे परत पाठवावे लागले. पुढे आंगणेवाडीची जत्रा लागली त्या आठवड्यात तर लॅब उघडी ठेवून आम्हीच एकमेकांची तोंडं बघत बसलो.

वेळ सकाळी सात ते दहा. कडक उपास नको, पण तळलेलं नको. चरबीने दुधाळ झालेलं प्लाझ्मा प्रकाशावर चालणाऱ्या मशीनला दिसत नाही. आल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. हे मला एका तरुणाने शिकवलं. तो रापण ओढून थेट किनाऱ्यावरून आला होता, अंगाला वाळू तशीच. घाई होती म्हणून लगेच रक्त घेतलं. एपीटीटी सगळ्यांहून आखूड. जोराच्या कष्टाने फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रांड तात्पुरते चढतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ध्यानात आलं ते त्या दिवशी. दुसऱ्या सकाळी घरून सरळ ये म्हटलं, तर आकडा चारचौघांसारखा. पहिला आकडा ‘घाई’ असं लिहून बाजूला ठेवला.

रक्त घ्यायची रीत तुम्हाला येतेच, म्हणून जिथे हात चुकतो तेवढंच सांगते. निळ्या बुचाची ट्यूब, ३.२ टक्के सोडियम सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण), नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. २.७ मिली रक्त आणि ०.३ मिली सायट्रेट, असा ३ मिलीचा हिशेब. ट्यूब खुणेच्या ९० टक्क्यांच्या खाली भरली तर टाकून द्या. सायट्रेट जास्त झालं की कॅल्शियम जास्त बांधलं जातं आणि सेकंद फुकटचे वाढतात. जुन्या स्टॉकमध्ये कुठे ३.८ टक्केवाली ट्यूब मिसळलेली नाही ना, ते बघा. सगळे १२० एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये हवेत. दंडाला बांधायचा पट्टा एक मिनिटाच्या वर नको. बटरफ्लाय (लांब नळीची सुई) वापरत असाल तर नळीतली हवा निळ्या ट्यूबमध्ये जाते आणि ट्यूब कमी भरते, म्हणून आधी एक ट्यूब वाया घालवा. शीर शोधताना सुई आत दोन-तीनदा फिरवली असेल तर ते सॅम्पल धरू नका, दुसऱ्या हातातून घ्या. नंतर ट्यूब तीन ते सहा वेळा हलकेच उलटी-सुलटी. माठातलं ताक घुसळल्यासारखी हलवू नका.

हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) त्याच दिवशी करून घ्या. हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असेल तर ट्यूबमधलं सायट्रेट प्लाझ्माच्या मानाने जास्त होतं. पेशंटच्या बाबतीत ते कमी करून पुन्हा सॅम्पल घेतात: ०.००१८५ गुणिले (१०० वजा हिमॅटोक्रिट) गुणिले रक्ताचे मिली. हिमॅटोक्रिट ६० असेल तर २.७ मिली रक्ताला ०.३ ऐवजी ०.२ मिली सायट्रेट पुरतं. रेंजसाठी मात्र असा माणूस घेऊच नका.

आता आमची मोठी चूक. आचऱ्याच्या बाजूला सॅम्पल घ्यायला माझी सहकारी गेली होती. मुलगी कामाला चोख. उन्हाचं रक्त खराब होऊ नये म्हणून तिने आठही ट्यूब लसीच्या डब्यात, बर्फाच्या पॅकांमध्ये खोचून आणल्या. तिचं घर मासळीच्या धंद्यातलं. ताजं ठेवायचं तर बर्फात ठेवायचं, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं! पण रक्त म्हणजे सुरमई नव्हे. गार पडलं की फॅक्टर सात आपसूक जागा होतो आणि पीटी आखडते, तर फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रांड घटून एपीटीटी लांबतो. आठही आकडे नेमके तसेच आले. आठही काढून टाकले आणि त्या आठ जणांकडे मी स्वतः माफी मागायला आणि पुन्हा रक्त मागायला गेले. सायट्रेटची ट्यूब १८ ते २४ अंशांत, उभी, बूच लावलेली आणायची. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचं ऊन चढतं, म्हणून थर्मोकोलचा साधा डबा, बर्फाशिवाय, आत एक थर्मामीटर, आणि गाडीत सावलीची जागा. पीटीला २४ तास आणि एपीटीटीला ४ तास मिळतात. म्हणजे दोन्ही करायच्या तर ४ तासच मिळतात असं धरा.

सेंट्रीफ्यूजबद्दल सगळीकडे एकच पाठांतर ऐकू येतं: ३००० आरपीएम, १५ मिनिटं. कुणी पट्टी लावून बघत नाही. हवे असतात १५०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोर. जी काढायचा असेल तर त्रिज्या सेंटिमीटरमध्ये मोजा, तिला आरपीएमच्या वर्गाने गुणा आणि मग ०.००००१११८ ने गुणा. त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० आरपीएमला खरंच १५०० जी मिळतात. आमच्या छोट्या मशीनची त्रिज्या निघाली १० सेंमी. तिथे ३००० वर जेमतेम १००० जी होतात, १५०० साठी ३६५० च्या पुढे जावं लागतं. इतकी वर्षं आम्ही अर्धवट फिरवलेलं प्लाझ्मा वापरत होतो. खात्री हवी तर वरचं प्लाझ्मा सेल काउंटरवर लावा, प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली यायला हव्यात. प्लाझ्मा वरून काढा, तळाच्या थरापासून बोटभर दूर. बूच उघडल्यावर लाकडी काडी बुडवून बारीक गुठळी चिकटते का ते पाहा. गुठळीवालं किंवा लालसर झालेलं सॅम्पल मोजायचंच नाही.

सगळे १२० एका दिवसात उरकू नका. रोज आठ-दहा, पंधरा-सोळा दिवस, वेगवेगळ्या हातांनी. कारण पुढे पेशंटचे सॅम्पलही असेच वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातून लागणार. लॉट मात्र एकच ठेवा आणि सुरू करायच्या आधीच तेवढा स्टॉक मागवा. रोज आधी नॉर्मल आणि ॲबनॉर्मल असे दोन्ही कंट्रोल. ते बसले तरच पुढे. रीजंट विरघळवल्यावर कागदावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, आणि कुपी हलवू नका, फिरवा. प्रत्येक सॅम्पल दोनदा. लाईट जाणं हा आपल्याकडचा कायमचा पाहुणा. इन्व्हर्टरवर मशीनचा पडदा चालू दिसतो, पण ३७ अंशांचा ब्लॉक थंडावलेला असू शकतो. लाईट आल्यावर वीस मिनिटं थांबून कंट्रोल पुन्हा लावायचा, हा आमच्याकडे आता नियम आहे.

हिशेब ऐकायला अवघड, करायला एका दुपारचा. १२० आकडे एक्सेलमध्ये चढत्या क्रमाने लावा. आधी नुसते बघा. आलेख काढा. बहुतेकांपासून फटकून एखादा आकडा दूर बसला असेल, तर त्याचं शेजारच्या आकड्यापासूनचं अंतर सगळ्या पसाऱ्याच्या एक तृतीयांश किंवा जास्त आहे का पाहा. असेल तर त्या माणसाची वही पुन्हा उघडा. मग खालून तिसरा आकडा ही खालची मर्यादा आणि ११८ वा ही वरची. कारण मधले ९५ टक्के हवेत. १२१ ला ०.०२५ ने गुणलं की ३ येतात आणि ०.९७५ ने गुणलं की ११८. मर्यादेलाही स्वतःची डळमळ असते. वरच्या मर्यादेची ९० टक्के खात्रीची पट्टी ११४ व्या आणि १२० व्या आकड्यांच्या मध्ये, खालच्या मर्यादेची पहिल्या आणि सातव्याच्या मध्ये. १२० पेक्षा कमी माणसांत ही पट्टी या रीतीने धड काढताच येत नाही. १२० चं गुपित ते एवढंच. सरासरी अधिक-उणे दोन एसडी (प्रमाण विचलन) ही जुनी रीत आकडे दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतील तरच चालते. एपीटीटी बहुधा वरच्या बाजूला लांबतो, म्हणून मी क्रमाचीच रीत धरते.

गाळलेला प्रत्येक आकडा कारणासकट वहीत हवा. ‘बरा दिसत नाही’ हे कारण नव्हे. आमच्याकडे एका ताईंचा एपीटीटी चक्क ६० च्या पुढे गेला. पन्नाशीच्या, ठणठणीत, दोन बाळंतपणं घरच्या घरी झालेली, दाढ काढलेली, कधी थेंबभर जास्त रक्त गेलं नाही. पुन्हा घेतलं, तेच. त्यांचं प्लाझ्मा नॉर्मल प्लाझ्मात निम्मं-निम्मं मिसळलं तर वेळ लगेच सुधारली, म्हणजे काहीतरी कमी होतं. पॅथॉलॉजिस्टच्या चिठ्ठीने सॅम्पल मुंबईला फॅक्टर तपासणीला गेलं. फॅक्टर बारा फार कमी निघाला. या कमतरतेत एपीटीटी लांबच लांब जातो आणि माणूस मात्र वाहत नाही. बाईंना दुखणं असं काही नाही, तरी आकडा आम्ही गाळला आणि कारण लिहिलं. त्यांना एक कार्ड करून दिलं, पुढेमागे ऑपरेशन निघालं तर कुणी घाबरून थांबायला नको. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, “म्हंजे माजा रगात बरा आसा मां?” आसा, म्हटलं.

पीटीचं आणखी एक काम याच माणसांतून होतं, ते विसरू नका. आयएनआर म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळीसाठी, वेगवेगळ्या रीजंटवरची पीटी एका मापात आणणारा आकडा. त्याच्या सूत्रात पेशंटच्या पीटीला ज्याने भागतो तो आकडा म्हणजे निरोगी माणसांच्या पीटीचा गुणोत्तर मध्य. त्याला किमान वीस माणसं हवीत, आणि तो दर लॉटला नव्याने काढायचा. एक्सेलमध्ये जिओमीन लिहिलं की येतो. कितीतरी ठिकाणी तिथे त्या दिवशीच्या नॉर्मल कंट्रोलचा आकडा टाकतात. ते चूक. त्या भागाकाराचा आयएसआय (रीजंटसोबत दिलेला संवेदनशीलतेचा आकडा) इतका घात म्हणजे आयएनआर. पेशंटची पीटी २६ सेकंद, आयएसआय १.२ आणि खरा मध्य १३ असेल तर आयएनआर २.३ येतो. १३ च्या जागी १२ टाकलात की २.५. व्हॉल्व्ह बदललेल्या माणसाची गोळी या आकड्यावर कमी-जास्त होते. आणि आयएनआरच्या पुढे जी २ ते ३ लिहितात ती निरोगी माणसांची रेंज नाही, गोळी चालू असलेल्यांचं उद्दिष्ट आहे. गोळी न घेणाऱ्याच्या रिपोर्टवर ती छापू नका. एका बाईला आयएनआर १ आला म्हणून शेजारणीने तिला ‘कमी आहे’ सांगून रडवलं होतं.

डी-डायमर (गुठळी विरघळताना उरणाऱ्या तुकड्यांची चाचणी) या भानगडीत आणू नका. तिथे निरोगी माणसांच्या रेंजपेक्षा गुठळी नाही म्हणायला ठरवलेली कटऑफ कामाची असते, आणि एककाचा घोळ तर वेगळाच. एफईयू आणि डीडीयू ही तिची दोन एककं, आणि एफईयूमधला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो, हे न बघता रिपोर्ट वाचणारे मी पाहिलेत. फायब्रिनोजेन करत असाल तर त्याच सॅम्पलवर करून घ्या, माणसं परत परत मिळत नाहीत.

आमची शेवटची रेंज मी इथे मुद्दाम देत नाही. दिली तर उद्या कुणाच्या तरी सॉफ्टवेअरमध्ये ती जाऊन बसेल, आणि मग त्यांच्या गावातला कुणी गोव्याच्या फेऱ्या मारत बसेल. रिपोर्टवर आता रेंजखाली रीजंटचं नाव, लॉट आणि रेंज काढल्याचा महिना छापतो. खाली दोन ओळी आहेत, डॉक्टरांशी बोलून घातलेल्या. शंभर निरोगी माणसांतली पाच या रेंजबाहेर असणारच, ही पहिली. दुसरी अशी की रक्तस्रावाचा इतिहास विचारल्याशिवाय किंचित वाढलेल्या एपीटीटीवर ऑपरेशन थांबवू नये, आणि इतिहास असेल तर नॉर्मल एपीटीटीवर निर्धास्त राहू नये, सौम्य हिमोफिलिया यातून निसटू शकतो. दुसऱ्या ओळीवरून एका सर्जनशी माझं वाजलं. ओळ तशीच आहे.

सध्याचा लॉट पुढच्या महिन्यात संपतोय. नवा येईल तेव्हा जुन्या-नव्यावर तेच प्लाझ्मा शेजारी शेजारी लावायचं, वीस निरोगी माणसांवर पीटीचा मध्य काढायचा, एपीटीटी रेंजमध्ये बसतो का बघायचं. वीस जणांची यादी फोनमध्ये तयार आहे. काल बाजारात बांगडे घेताना मावशीला आगाऊ सांगून ठेवलं. तिने कोयत्याची धार पाहत विचारलं, “परत? मागच्या टायमाक दिलंय मां?” मग म्हणाली, येतंय, पण च्याय आणि कांदेपोहे व्हये. पोह्यांचं सामान आणून ठेवलंय.